रस्ता खोदाईची परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

शहरातील रस्त्याखाली जलवाहिनी, मलवाहिनी, वीज केबल किंवा गॅसवाहिनी टाकायची असल्यास, तो रस्ता ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. एकाच शहरातील रस्ते महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यात विभागलेले असू शकतात. त्यामुळे ताबा कोणाचा, याची खात्री न करता केलेला अर्ज भलत्याच टेबलावर पडून राहतो.

महावितरण, दूरसंचार आणि गॅस कंपन्या थेट अर्ज करतात. घरमालकाने किंवा सोसायटीने आधी नळजोड अथवा ड्रेनेज जोडणी मंजूर करून घ्यावी. खोदाईचा अर्ज त्यानंतर, सहसा परवानाधारक प्लंबरमार्फत, क्षेत्रीय कार्यालयात दिला जातो. सोबत जोडणीचा मंजुरी आदेश, मिळकत कराची पावती, हमीपत्र आणि रहदारीच्या रस्त्यासाठी वाहतूक पोलिसांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

खरा कस लागतो तो नकाशाचा. चराची लांबी, रुंदी व खोली, रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर आणि आधीच्या वाहिन्या त्यात दाखवाव्या लागतात. आधीच्या वाहिन्यांच्या नोंदी अनेकदा अपुऱ्या असतात, म्हणून त्या जागी आडवा चाचणी खड्डा घेऊन खात्री करणे शहाणपणाचे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅपवर खोदाईची पूर्वसूचना देता येते.

शुल्क रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी, काँक्रीटचा की पेव्हर ब्लॉकचा यावर, लांबीनुसार ठरते; अनामत निराळी. रस्ता ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीत (ज्या मुदतीत रस्ता बिघडल्यास ठेकेदारानेच तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो) असेल, तर परवानगी सहजी मिळत नाही, कारण एकदा चर पडला की पुढच्या खड्ड्याची जबाबदारी कोणाची, हा वाद सुरू होतो. अशा ठिकाणी रस्ता न फोडता, आडव्या ड्रिलिंगने वाहिनी सरकवण्याचा प्रस्ताव द्यावा.

पावसाळ्यात तातडीची दुरुस्ती वगळता खोदाई बंद असते. प्रमाणाबाहेर भिजलेला मुरूम नीट दबत नाही, आणि थर न दाबता एकदम बुजवलेला चर पहिल्या जड वाहनाखाली खचतो. म्हणून भराव थराथराने धुम्मसून करावा, प्रत्येक थराची छायाचित्रे ठेवावीत आणि वर डांबर पडण्यापूर्वी कनिष्ठ अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. अनामत परत मिळवण्यासाठी हाच पाहणी अहवाल आणि पैसे भरल्याच्या चलनाची प्रत जोडून स्वतंत्र अर्ज करावा.