आत्मविश्वासाचे गुण आणि दोलकाचा पाठ

भावी शिक्षकांना वर्गातलं तंत्रज्ञान शिकवणारा कार्यक्रम उपयोगी पडला का, हे बहुतेक वेळा एका प्रश्नावलीवरून ठरवलं जातं. ‘माझ्या विषयाला साजेसं साधन मी निवडू शकतो’ अशा विधानांपुढे छात्राध्यापक १ ते ५ पैकी एका आकड्यावर खूण करतात. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. पण यातून आत्मविश्वास मोजला जातो, कौशल्य नाही. शिवाय मोजपट्टीच मधल्या काळात सरकते. आधी स्वतःला ४ गुण देणाऱ्याला शिकल्यावर आपलं अज्ञान दिसतं आणि तो ३ देतो. प्रगती झाली, आकडा मात्र घसरला! म्हणून शेवटी ‘आज किती’ आणि ‘तेव्हा खरं तर किती होतं’ असं दोन्ही विचारतात. त्यातही प्रगती फुगवून सांगण्याचा मोह असतोच.

त्यापेक्षा पाठ टाचण, म्हणजे धडा कसा शिकवायचा याचा लेखी आराखडा, बघावं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली ‘टीपॅक’ चौकट सांगते की विषय, अध्यापन आणि तंत्र यांची सांगड हेच खरं ज्ञान. समजा, पाठ दोलकाचा आहे. एका टाचणात पडद्यावर दोलक हलतो, मुलं बघतात. दुसऱ्यात मुलं आधी अंदाज लिहितात, वजन तेच ठेवून लांबी चौपट करतात आणि १० आंदोलनांचा वेळ मोजतात. तो दुप्पट निघतो, चौपट नाही. दोन्हीकडे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा दोलक, तोच; पण गुण दुसऱ्यालाच.

गुण देताना नावं काढून टाकावीत आणि प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची टाचणं मिसळावीत. कोणतं केव्हाचं हे परीक्षकाला कळता कामा नये. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावं. इथे एक फसगत होते. दोघेही १०० पैकी ९० टाचणांना ‘चांगलं’ म्हणत असतील, तर डोळे मिटून गुण दिले तरी सुमारे ८२ ठिकाणी त्यांचं एकमत होईल. हा योगायोग वजा करणारा ‘कप्पा’ गुणांक काढल्याशिवाय एकमताची टक्केवारी छापू नये.

टाचण उत्तम, पण वर्गात प्रोजेक्टर बंद पडला की गाडी अडली, असंही होतं. त्यासाठी सराव पाठ बघावा लागतो. नोकरीला लागल्यावर पुन्हा पाहणी करायची, तर शाळेत उपकरणं आणि इंटरनेट आहे का, हा रकाना वेगळा ठेवावा. नाहीतर शाळेतल्या उणिवेचे गुण प्रशिक्षणाच्या खात्यातून कापले जातात.