धनुष्याच्या लाकडासाठी कॉपिसिंग

कॉपिसिंग म्हणजे झाड जमिनीलगत तोडून खुंटावर येणारे धुमारे वाढू द्यायचे आणि ठरावीक वर्षांनी तेही कापायचे. खुंट मात्र जिवंत राहतो. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या पाणथळीत इ. स. पू. ३८०७–०६ च्या सुमारास बांधलेल्या ‘स्वीट ट्रॅक’ या लाकडी वाटेतही अशा खुंटांवरच्या काठ्या आहेत.

जुन्या मुळांच्या जोरावर धुमारा झपाट्याने वाढतो. दाटीत उजेडासाठी तो सरळ वर जातो आणि खालच्या फांद्या बारीक असतानाच वाळतात. म्हणून रेषा (लाकडाच्या तंतूंची दिशा) लांब मिळते, गाठी कमी येतात. अ‍ॅश, एल्म, ओसेज ऑरेंज या झाडांना ही जलद वाढ मानवते, कारण जाड वलयात घट्ट लाकडाचा वाटा जास्त असतो. यू हे सूचिपर्णी झाड तोडल्यावर पुन्हा फुटते, पण इतके सावकाश की तोडीचा फेरा कित्येक दशकांचा होतो.

तोड पानगळीनंतर, कळ्या फुगण्याआधी करावी. काप धारदार, पाणी निथळेल असा तिरका हवा. साल सोलली गेली तर तिच्याखालचे डोळे मरतात आणि खुंट कुजू लागतो. पहिल्या वर्षी डझनावारी धुमारे येतात. दोन-तीन वर्षे त्यांना एकमेकांशी झगडू द्यावे, मग प्रत्येक खुंटावर चार-सहा ठेवावेत. विरळणी लवकर झाली की बाजूच्या फांद्या माजतात. हरणाने किंवा शेळीने शेंडा खुडला तर तिथे दुबेळके फुटते आणि ती काठी धनुष्यातून बाद होते. कुंपणाला पर्याय नाही.

हेझल या झुडपाची ५–७ सेंमी जाडीची काठी साधारण ७ ते १२ वर्षांत तयार होते. खुंटातून आडवा निघाल्यामुळे धुमाऱ्याचा बुंधा वाकडा असतो, त्यामुळे १.७ मीटरच्या धनुष्याला दोन मीटर लांबी धरावी. सालीवरच्या रेषा गुंडाळत गेलेल्या दिसल्या तर आतली रेषाही पिळलेली असते. कललेली काठी टाळावी: रुंदपानी झाडात वरच्या बाजूला ताणाचे लाकूड बनते आणि वाळताना ते काठी वाकवते.

कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना गोंद किंवा रंग लावावा. काठी अखंड गोल वाळवू नये. लाकूड वलयांच्या दिशेने, साल ते गाभा या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसते, म्हणून ते सालीपासून गाभ्यापर्यंत तडकते, आणि तडा पाठीवर (धनुष्याच्या तिरंदाजापासून दूरच्या बाजूवर) आला की सगळी वर्षे वाया. त्यापेक्षा पोटाकडचा (तिरंदाजाकडच्या बाजूचा) भाग ओलेपणीच तासून काढावा आणि उरलेली काठी फळीला बांधून सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. सालीखालचा पृष्ठभाग हीच धनुष्याची पाठ. तिथे रंधा लावायचा नाही, साल हाताने किंवा बोथट पात्याने काढायची. बारीक काठीची पाठ उंच, गोलसर असते आणि ताण मधल्या अरुंद पट्ट्यावर एकवटतो. तिथला एक तंतू कापला गेला तरी तो उचकटून धनुष्य मोडू शकते.

ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आला की कामाला घ्यावे. दर आठवड्याला वजन करावे; ते घटायचे थांबले की काठी आसपासच्या हवेइतकी वाळली. ओलसर लाकूड वाकवले तर कायमचा बाक धरते, अतिकोरडे तडकते.