कळपांच्या वाटा आणि संवर्धनाचं कुंपण: पार्श्वभूमी

पृथ्वीच्या एकूण जमिनीपैकी सुमारे ५४ टक्के जमीन चराऊ रानांची आहे: गवताळ माळ, झुडपी पट्टे, वाळवंटांच्या कडा, उंच डोंगरउतार. त्यातल्या कोरड्या भागांत पाऊस कुठे पडेल आणि कुठे हुलकावणी देईल याचा नेम नसतो. म्हणून तिथल्या माणसांनी गवत असेल तिकडे जनावरं न्यायची रीत बसवली. उंट, मेंढ्या, याक, गाई, जनावर कुठलंही असो, तगायचं तर हलत राहायचं. हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा उपाय म्हणून आज याच हलण्याकडे पाहिलं जातं. विसाव्या शतकात मात्र संवर्धनाने ते मोडून काढायचा बराच काळ प्रयत्न केला, आणि त्याची किंमत माणसांनी, जनावरांनी आणि कुरणांनीही मोजली.

तेव्हाची समजूत साधी होती: प्राणी आत, माणूस बाहेर. पूर्व आफ्रिकेतलं सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९५९ मध्ये मसाई पशुपालकांना तिथून उठवून शेजारच्या गोरोंगोरो भागात हलवण्यात आलं. मसाईंच्या गाई आणि वन्य कळप एकाच माळावर चरत आले होते. तो माळ टिकण्यात गुराख्याचाही हात असेल, हा विचार त्या आखणीत नव्हता. १९६८ मध्ये अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या 'सायन्स' या नियतकालिकातल्या गाजलेल्या लेखाने या समजुतीला बळ दिलं. सामाईक कुरणावर जो तो आपलं एकेक जनावर वाढवत जाणार आणि कुरण उजाड होणारच, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच तो व्यवस्थापन नसलेल्या सामाईक मालमत्तेपुरता मर्यादित केला. तोवर कुरणांचे तुकडे पाडणं आणि भटक्यांना एका जागी वसवणं हे अनेक देशांचं धोरण होऊन बसलं होतं.

साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, काय घडलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे पाऊसमान बरं होतं. त्याच काळात खोल कूपनलिका खोदल्या गेल्या; बारमाही पाणी मिळालं की पशुपालकांचं भलं होईल, हा हेतू चांगलाच होता. पण पूर्वी हंगामी पाणवठा आटला की कळप पुढे सरकत आणि मागच्या गवताला उसंत मिळे. पाणी आटेनासं झालं तसे कळप तिथेच रेंगाळू लागले. कूपनलिकेभोवती उघड्या मातीचं कडं पडलं आणि ते रुंदावत गेलं. १९७२-७३ च्या दुष्काळात गुरं पाण्याशेजारीच भुकेने मेली. गवत इतकं लांब गेलं होतं की तिथवर जाण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्यानंतरही दोष बहुतेक वेळा पशुपालकांच्या अतिचराईवरच ढकलला गेला.

विचार फिरला तो मोजमापांमुळे. १९८८ मध्ये जेम्स एलिस आणि डेव्हिड स्विफ्ट या संशोधकांनी केनियातल्या तुर्काना या कोरड्या भागाच्या अभ्यासातून दाखवलं की इतक्या बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात कळप किती मोठा होणार हे दुष्काळच ठरवतो. हेक्टरी अमुक इतकीच जनावरं, हा कायमचा आकडा तिथे लागू पडत नाही. पुढच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्नीथ यांनी उपग्रहचित्रांवरून मंगोलियाच्या माळांची शेजाऱ्यांशी तुलना केली. हंगामी स्थलांतर टिकलेल्या मंगोलियात सुमारे एकदशांश कुरणं खराब झाली होती. पशुपालकांना पक्क्या वस्तीत बसवलेल्या रशियाच्या बाजूला हे प्रमाण जवळपास तीनचतुर्थांश होतं, चीनच्या बाजूला एकतृतीयांशाहून जास्त. सामाईक संसाधनं लोक स्वतःच्या नियमांनी सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

संवर्धनाच्या कामात हे हळूहळू उतरलं. जॉर्डनच्या झर्का खोऱ्यात २०१० च्या सुमारास अरबस्तानातली जुनी 'हिमा' पद्धत पुन्हा सुरू झाली: ठरावीक रान काही काळ बंद, मग गावाच्याच नियमाने खुलं. केनियात मसाई मारा या अभयारण्याच्या भोवती मसाई जमीनधारकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने दिले. वन्यप्राण्यांना मोकळं रान मिळालं आणि दुष्काळात गुरं गेली तरी घरात पैसा येऊ लागला. पण सुरुवातीला काही ठिकाणी गाईंनाच मज्जाव होता, म्हणजे जुनीच चूक, फक्त भाडं देऊन. पुढे आळीपाळीने चराईची सोय झाली. जमीन ज्यांच्या नावावर नाही, त्यात बायका पुष्कळ, त्या मात्र या भाड्याला मुकतात. २०२० मध्ये पर्यटन थांबलं तेव्हा हे उत्पन्न किती कच्चं आहे तेही कळलं. माझ्या मते मोबदल्याच्या आधी चराईचा हक्क यायला हवा.

हवामानाचा मार तर वाढतोच आहे. मंगोलियात २००९-१० मध्ये कोरड्या उन्हाळ्यामागून आलेल्या कडक हिवाळ्यात ८० लाखांहून अधिक जनावरं दगावली. आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे सोमालिया-इथिओपियाच्या ईशान्य टोकाकडे, २०२० ते २०२२ दरम्यान लागोपाठ पाच पावसाळे वाया गेले. उपग्रहावरून गवताची हिरवाई मोजून भरपाई देणारा विमा केनियाच्या मार्साबितमध्ये २०१० पासून आहे. तो उपयोगी आहे, पण अडलेली वाट विम्याने मोकळी होत नाही. आणि आता हवामानाच्याच नावाने नवी कुंपणं येत आहेत: गवताळ माळाला उजाड जंगल समजून तिथे झाडं लावायची. माळाचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत साठलेला असतो, तो या योजनांच्या हिशेबात क्वचितच धरला जातो.

मंगोलियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ रानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं आहे. हक्काची वाट कशी राखायची याचे दाखले त्याआधीच तयार आहेत. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाने १९९८ मध्ये कळपांच्या सीमापार स्थलांतराचे नियम ठरवले. स्पेनने १९९५ च्या कायद्याने सुमारे सव्वा लाख किलोमीटरच्या जुन्या मेंढवाटांना सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षण दिलं. त्या विकता येत नाहीत, आणि कितीही वर्षं कुणी बळकावून बसला तरी त्यावर त्याची मालकी लागत नाही.