कसारा घाट आणि सणासुदीची सर्दी

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी समोरच्या घरातली मुलगी आमच्याकडे वाफारा घ्यायचं यंत्र मागायला आली. ती विमानात केबिन क्रू आहे. बेस मुंबईला, घर इथे नाशिकला, इंदिरानगरात. नाक लाल, आवाज बसलेला. आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिने ऑफिसला फोन लावला, तोही स्पीकरवर, कारण डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. "सर, उद्याच्या ड्यूटीला सिक टाकते आहे. कान बंद आहे." पलीकडचा माणूस क्षणभर गप्प बसला आणि मग हिंदीत जे बोलला त्याचा मराठीत अर्थ एवढाच होतो: सणालाच बरी सर्दी होते तुम्हाला.

ती काही बोलली नाही. फोन ठेवला, यंत्र घेतलं आणि गेली. खरं सांगायचं तर दार लावताना माझ्याही मनात येऊन गेलंच, की चला, पोरीला या वर्षी घरची दिवाळी मिळाली.

सर्दीसाठी रजा म्हटलं की आपल्याला हसू येतं. बँकेतला कारकून शिंकत शिंकत कामावर जातो, सातपूरच्या कारखान्यातला फिटर खिशात व्हिक्स ठेवून पहिली पाळी करतो. विमानातल्या माणसाची सर्दी मात्र वेगळी. आणि ती कशी वेगळी, हे नाशिककराला चटकन कळावं, कारण आपण सगळे कसारा घाटात कानाला दडे बसवून घेतलेली माणसं आहोत.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिथून घशाच्या मागच्या बाजूला एक अरुंद नळी उतरते, कंठकर्णनलिका. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा करते. वर चढताना आतली हवा त्या नळीतून आपसूक बाहेर सुटते. उतरताना पंचाईत होते. बाहेरचा दाब वाढत जातो, हवा आत यायला हवी, आणि नळी म्हणजे चपटी पडलेली मऊ स्ट्रॉ. सर्दीने तिची अस्तरं सुजली असतील तर ती उघडतच नाही. मग पडदा आत खेचला जातो, ठणकतो, कधी मागे रक्त साकळतं, कधी पडदा फाटतोही.

इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना आपण साधारण तीनशे मीटर खाली येतो, तेवढ्यात लहान मुलं रडायला लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब उड्डाणात जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरू दिला जातो. समुद्रसपाटीच्या पाऊणपट म्हणा. म्हणजे मुंबईला उतरणारं विमान अर्ध्या तासात तुमच्या कानांना आठ कसारा घाट उतरवून दाखवतं. दिवसाला चार उड्डाणं करणाऱ्या मुलीला हे चार वेळा. शिवाय आणीबाणीत दार उघडून लोकांना बाहेर काढायची जबाबदारी तिची, आणि ती कानाने अर्धी बहिरी. म्हणूनच या धंद्यात सर्दी असताना उडायचं नाही असा दंडक आहे.

गंमत अशी, की हा दंडक पाळला जातोय की नाही हे ठरवायला कंपनीकडे त्या क्षणी एकच साधन असतं: फोनवरच्या माणसाचा शब्द.

आता कंपनीच्या बाजूने बघू. तिथला माणूस चिडका का असतो, त्यामागे साधं गणित आहे. आपल्याकडे प्रवासी विमानात दर पन्नास आसनांमागे किमान एक केबिन क्रू लागतो. १८० आसनांच्या विमानाला चार. त्यात दोन वैमानिक धरले की सहा माणसं. सहापैकी एक आला नाही तर 'पाच जणांत भागवून घेऊ' असं चालत नाही, विमान हलतच नाही. एखादा माणूस एखाद्या दिवशी आजारी असण्याची शक्यता १०० मध्ये ३ धरली, तर सहाच्या सहा जण हजर असण्याची शक्यता ८३ टक्के निघते. ती शक्यता ६ टक्क्यांवर गेली की सहाही जण हजर असण्याची शक्यता ६९ टक्क्यांवर घसरते. दर माणशी फक्त तीन टक्क्यांचा फरक, पण शंभरातल्या सतरा विमानांऐवजी एकतीस विमानांना कुणीतरी कमी पडतं.

यावर उपाय म्हणून 'स्टँडबाय' ठेवतात, युनिफॉर्म घालून फोनची वाट बघणारी राखीव माणसं. समजा शंभर जण ड्यूटीवर आहेत आणि सरासरी पाच आजारी पडतात. दहा राखीव ठेवले तर दहाहून जास्त जण गैरहजर असण्याची पाळी शंभर दिवसांतून एखाद्या दिवशी येईल. धंद्याला हे परवडतं. पण या हिशेबाच्या तळाशी एक गृहीतक आहे: एकाचं आजारपण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे. पंचवटीतल्या माणसाला ताप आला म्हणून सिडकोतल्या माणसाला येत नाही. साथ आली की हे गृहीतक मोडतं. आणि साथ फक्त विषाणूचीच असते असं नाही.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या दोनशेहून अधिक केबिन क्रूंनी ऐनवेळी आजारी असल्याचं कळवलं आणि एका दिवसात कित्येक उड्डाणं रद्द झाली. कंपनीने पंचवीस जणांना काढलं, मग दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बसून तडजोड झाली आणि त्यांना परत घेतलं. २००९ च्या सप्टेंबरात जेट एअरवेजच्या वैमानिकांनी असंच केलं, संघटना बांधणाऱ्या दोन सहकाऱ्यांना काढलं म्हणून. अमेरिकेत १९९९ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या अशाच आजारपणापायी न्यायालयाने त्यांच्या संघटनेला साडेचार कोटी डॉलरचा दंड ठोठावला होता.

असं आजारी का पडायचं, सरळ संप का नाही करायचा? कारण विमानसेवेत संपाची वाट लांबची आणि काट्याकुट्यांची. अमेरिकेत विमान कर्मचारी १९३६ पासून रेल्वे कामगारांच्या कायद्याखाली येतात आणि त्यात संपापर्यंत पोचायलाच बऱ्याच पायऱ्या आहेत. आपल्याकडे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेल्या किरकोळ रजेलाही संप म्हटलं आहे. ताप मात्र नोटीस देऊन येत नाही.

या सगळ्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो २००४ चा नाताळ. यूएस एअरवेज ही अमेरिकी विमान कंपनी दिवाळखोरीत होती. ऑक्टोबरात न्यायालयाच्या परवानगीने कर्मचाऱ्यांच्या पगारात २१ टक्के कपात झाली. आणि नाताळच्या सुट्टीत फिलाडेल्फियाला सामान उचलणारे आणि केबिन क्रू मोठ्या संख्येने आजारी पडले. हजारो बॅगा विमानतळावर ढिगाने साचल्या, लोकांच्या भेटवस्तूंसकट. संघटना म्हणाल्या, आम्ही कुणाला काही सांगितलेलं नाही, मुळात माणसंच कमी आहेत. यानंतर कंपनीने काय करावं? नव्या वर्षाच्या सुट्टीत फिलाडेल्फियाला येऊन बिनपगारी काम करायला कोण येतं, असं आपल्याच कर्मचाऱ्यांना विचारलं.

पगार कापला म्हणून माणसं चिडली, एवढ्यावर विषय संपवता येईल. पण जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आडवा येतो. एकाच कंपनीचे तीन कारखाने. मोठी कंत्राटं हातची गेली म्हणून त्यांतल्या दोघांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात करायची ठरली, तिसऱ्यात काहीच नाही. कपात झालेल्या पहिल्या कारखान्यात खुद्द अध्यक्षांनी सगळ्यांना बोलावलं. दीड तास बैठक चालली. त्यांनी हिशेब समोर मांडला, कंत्राटं का गेली ते सांगितलं, कामावरून काढण्यापेक्षा हा मार्ग का धरला ते सांगितलं, वाईट वाटतंय असं तोंडाने म्हणाले आणि मग लोकांचे प्रश्न घेतले. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत विषय आटोपला: कपात होणार आहे, अमुक तारखेपासून, दहा आठवडे. बस्स.

कापलेली रक्कम तीच आणि मुदतही तीच. ग्रीनबर्ग मोजत होते कारखान्यातून गायब होणारा माल, म्हणजे चक्क चोरी. कपातीच्या काळात ती दोन्हीकडे वाढली. पण दुसऱ्या कारखान्यात कितीतरी जास्त. नोकरी सोडणारेही तिथेच जास्त. पगार पूर्ववत झाल्यावर चोरी पुन्हा खाली आली. मला या प्रयोगातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की चोरीसारखी गोष्ट, जी आपण सरळ माणसाच्या चारित्र्यात जमा करतो, तिचं प्रमाण साहेबाने किती मिनिटं दिली आणि कशी दिली यावर हललं. अंबडच्या किंवा सातपूरच्या ज्या मंडळींनी तीस-पस्तीस वर्षं मशीनवर काढली आहेत, त्यांना हे वाचून फारसं नवल वाटणार नाही. "मागतोय काय, जरा नीट बोला" हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलेलं आणि म्हटलेलं असतं.

न्याय-अन्यायाची ही जाणीव किती खोल असते? २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कापुचिन माकडांना एक खडा परत दिला की काकडीचा तुकडा द्यायचा, असा व्यवहार शिकवला. माकडं काकडीवर खूष होती. मग शेजारच्या माकडाला त्याच कामाला द्राक्ष मिळू लागलं. ते बघून पहिलं माकड काकडी घेईना, कधी तर ती बाहेर भिरकावून देई. (द्राक्षाची किंमत नाशिककराला सांगायला नको, पण काकडी फेकून द्यावी इतकी?) यामागे अन्यायाची चीड होती की नुसती द्राक्षाची आशा लागली होती, यावर शास्त्रज्ञांमध्ये पुढे बराच वाद झाला. माकडाचं मन काढून दाखवता येत नाही.

माणसाचं शरीर मात्र मोजता येतं. आणि इथे 'खरं आजारपण' आणि 'सोंग' यांच्यातली रेघ पुसट व्हायला लागते.

ग्रीनबर्ग यांनीच पुढे, २००६ च्या एका अभ्यासात, चार रुग्णालयांतल्या परिचारिकांची झोप तपासली. पगाराची पद्धत बदलून उत्पन्न घटलं तिथे परिचारिकांची झोप उडाली. पण ज्या ठिकाणी वरिष्ठांना लोकांशी सन्मानाने, समजावून वागण्याचं थोडंसं प्रशिक्षण दिलं होतं, तिथे निद्रानाशाचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि सहा महिन्यांनंतरही तसंच राहिलं.

आता झोपेपासून सर्दीपर्यंत जायचं. शेल्डन कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या प्रश्नावर भलतेच सरळ प्रयोग केले: धडधाकट स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकायचे, त्यांना वेगळं ठेवायचं आणि कोण शिंकतं ते बघायचं. १९९१ च्या प्रयोगात ३९४ जण होते. ताण जितका जास्त, तितकी सर्दीची शक्यता जास्त. नंतर दिसलं की चार दिवसांच्या कटकटीने फारसं बिघडत नाही, महिनाभर किंवा त्याहून लांबलेला ताण मात्र महागात पडतो, आणि त्यात बेकारी किंवा अपुरं काम आणि जवळच्या माणसांशी लांबलेले खटके वरच्या क्रमांकावर होते. २००९ च्या प्रयोगात सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना, आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत, सर्दी होण्याची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. विषाणू सगळ्यांच्या नाकात तोच होता. पहाटे अडीचला रिपोर्टिंग असलेल्या माणसाला हा आकडा तोंडपाठ हवा.

लंडनमध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली. पुरुषांमध्ये सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांच्या आजारपणाच्या रजा सगळ्यात वरच्यांच्या सुमारे सहापट होत्या. साहेब लोक म्हणतील, बघा, खालचे लोक कामचुकार. पण त्याच पाहणीत पुढे असंही दिसलं, की दहा वर्षांत पाचाहून जास्त वेळा डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून दीर्घ रजा घेणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण एकदाही तशी रजा न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट होतं. सोंगाने माणूस मरत नाही. रजेच्या रजिस्टरात साहेबाला दांडी दिसत होती, आणि ते रजिस्टर भलतंच काही सांगत होतं.

सोंग घेणारे असतात, नाही असं कोण म्हणेल. शाळेत असताना पोटदुखी आपणही काढली आहे. आणि एकाने खोटं सिक टाकलं की त्याची ड्यूटी दुसऱ्या कुणाच्या तरी दिवाळीत जाऊन पडते, राखीव माणसाचाही सण असतोच. नाशिकच्या ओझर विमानतळावरून जाणारी विमानं मोजकीच, तिथलं एखादं रद्द झालं तर प्रवाशाला गाडी करून मुंबई गाठावी लागते, त्याचे शिव्याशाप वेगळे. पण खऱ्या सर्दीवाल्याला खोटं ठरवण्याचा खर्च कुणी हिशेबात धरत नाही. ज्याच्या शब्दावर तुमचा सुरक्षेचा दंडक उभा आहे, त्याच्याच शब्दाला तुम्ही हसलात, तर पुढच्या वेळी तो दोन गोष्टींपैकी एक करेल: बंद कानाने उडेल, किंवा कान उघडा असताना फोन करेल.

पाडव्याच्या दिवशी ती डॉक्टरकडे जाऊन आली. पडदा लाल आहे, अजून तीन-चार दिवस उडायचं नाही, असं लिहून मिळालं. त्याचा फोटो तिने पाठवला. तिकडून उत्तर आलं: 'नोटेड.' भाऊबीजेला तिने भावाला ओवाळलं, तेव्हाही एका कानात कापूस होता.

त्यानंतर तीन दिवसांनी ती मुंबईला निघाली. जाताना यंत्र परत द्यायला आली तेव्हा मी म्हटलं, अगं, इगतपुरी सोडली की उताराला कान बघ, तीच तुझी परीक्षा. दुपारी तिचा मेसेज आला: "कसारा उतरलो काका, कान सुटले. रिपोर्टिंग रात्री सव्वादोनला."