हळदीचा डाग साबणाने लाल होतो, ती भेसळ नाही

परवा पुतणीची हळद झाली, दुसऱ्या दिवशी वहिनींनी दादाचा पांढरा शर्ट भिजवला आणि वडी फिरवल्या फिरवल्या खांद्यावरचा पिवळा डाग लालभडक. त्यात आदल्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होता की साबण लावल्यावर हळद लाल झाली तर समजा केमिकल घातलंय. झालं, वहिनी म्हणाल्या, "यार्डातनं ओळखीच्या अडत्याकडनं हळकुंडं आणून स्वतः दळून आणलीय, तरी अशी कशी निघाली?"

वहिनी, हळद चांगलीच आहे. लाल झाली याचा अर्थ त्यात हळदीचा खरा रंग आहे. आणि हे आपल्या सांगलीत सांगावं लागतंय याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायची पद्धत पार लांबपर्यंत माहितीय (२००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली), आणि शाळेत तर आपण सगळेच हळदीचा कागद करून आलोय. आम्ल, आम्लारी, दर्शक. लिटमस निळा का तांबडा हे पाठ करताना हळदीकडे मात्र कुणी नीट बघत नाही.

आता गंमत कुठंय ते सांगतो. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या पदार्थाचा, सुक्या हळदीत तो साधारण २ ते ५ टक्के असतो. त्याचा रेणू डोळ्यापुढं आणा: दोन टोकांना दोन बेंझिनची कडी, मधे सात कार्बनची साखळी, आणि साखळीत एकाआड एक दुहेरी बंध. अशी रचना असली की तिथले इलेक्ट्रॉन एका बंधापाशी अडकून राहत नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात, आणि जितकी जागा मोठी तितकी त्यांना वरच्या पातळीवर उडी मारायला ऊर्जा कमी लागते. साध्या कर्क्युमिनला ही ऊर्जा निळ्या-जांभळ्या प्रकाशातनं मिळते, तरंगलांबी ४२५ नॅनोमीटरच्या आसपास. तो प्रकाश शोषला गेला की उरलेला आपल्याला पिवळा दिसतो.

साबण, धुण्याचा सोडा, चुना हे आम्लारी. कर्क्युमिनच्या दोन्ही कड्यांना एकेक ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) लटकलेला असतो, पीएच (आम्ल का आम्लारी ते सांगणारं माप, ७ म्हणजे मधोमध) साडेसातच्या वर चढायला लागला की त्यातला हायड्रोजन आम्लारी काढून घेतं आणि ऑक्सिजनवर ऋणप्रभार उरतो. हा प्रभार तिथंच बसत नाही, तोही साखळीत पसरतो, मग उडी अजून सोपी होते, आता निळसर हिरवा प्रकाशही शोषला जातो आणि उरतो तो लाल. म्हणजे नवीन रंग कुठनं आला नाही, एक हायड्रोजन गेला एवढंच! लिंबू पिळा, हायड्रोजन परत मिळतो, डाग परत पिवळा. मी वहिनींच्या समोर शर्टावरच करून दाखवलं, निम्मा डाग लाल आणि निम्मा पिवळा.

याच गोष्टीवर कितीतरी भोंदूंनी पोट भरलंय. चुन्याची निवळी दिसायला पाण्यासारखी, हळद लावलेल्या हातावर शिंपडली की "रक्त". साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं की चमत्कार दिसला की कसा झाला ते विचारा, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांची हत्या झाली. तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना घेऊन कुठल्याही पोराला हा चमत्कार करता येतो, त्यानं तो एकदा स्वतः केला की पुढं त्याला कुणी फसवू शकत नाही. दुसऱ्या टोकाला कर्क्युमिनच्या महागड्या गोळ्या विकणारे आहेत, सगळ्या रोगांवर म्हणे. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि आतड्यातनं रक्तात फारच कमी जातं, हे त्या जाहिरातीत सहसा नसतं.

भेसळ बघायचीच असेल तर उलटं करा, आम्लारी नको, आम्ल. शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या समोर, हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. गुलाबी झालं तर घाबरू नका, भरपूर पाणी घाला. रंग गेला तर हळदीचाच होता, गुलाबी तसाच राहिला तर मेटानिल यलो हा रंग मिसळलाय.

आणि वहिनी, शर्ट नुसता घासत बसू नका. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, कर्क्युमिन उजेडात तुटतं. दोन-तीन उन्हं दाखवली की डाग बराच फिका पडेल.