अपंगत्व लाभ व भरपाई, मराठवाड्यातील

आजारपणामुळे किंवा इजेमुळे काम थांबले असता बुडालेल्या मजुरीपोटी मिळणारी रोख रक्कम आणि ती मागण्याची कायदेशीर रीत. मराठवाड्यात तिचे तीन मार्ग आहेत : कामगार राज्य विमा योजना (बोलीत ‘ईएसआय’), मालकाकडून मिळणारी नुकसानभरपाई (१९२३ च्या भरपाई कायद्याखाली रुळलेली) आणि शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाचे अपघात अनुदान. खाजगी विमा पॉलिसींचा विचार येथे केलेला नाही.

राज्य विम्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालापर्यंत मागे नेतात. महाराष्ट्रात रूढ मत असे, की १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे योजनेचे जनकत्व जाते. तिसरे मत प्रा. बी. पी. अदारकर यांना श्रेय देते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी त्यांची नेमणूक १९४३ मध्ये झाली व अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला. विधेयक १९४६ च्या अखेरीस मांडले गेले तेव्हा आंबेडकर मंडळात नव्हते. कायदा १९४८ मध्ये झाला. आराखडा अदारकरांचा आणि त्याला धोरणाचे बळ मिळाले ते आंबेडकरांच्या कारकिर्दीत, असे म्हणणे घटनाक्रमाशी अधिक जुळते. अदारकरांनी योजना मोठ्या कारखानदारीपुरतीच सुचवली होती. शेतात राबणारे हात तेव्हापासून तिच्या बाहेर राहिले.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. येथे योजनेचा खरा विस्तार छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा व नंतर वाळूज या औद्योगिक वसाहतींबरोबर झालेला दिसतो.

कामावर इजा झाली तर मालकाने अपघाताची नोंद करून विमा कार्यालयाला कळवायचे असते. विमा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने मिळतो. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालेले असावे लागते. मात्र त्यासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली, हे पाहिले जात नाही. साध्या आजारपणाचे तसे नाही. तेथे सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी लागते, दर ७० टक्के असतो आणि वर्षाची मर्यादा ९१ दिवसांची. क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के दराने ही मुदत वाढते.

कायमच्या अपंगत्वात कमाईची क्षमता किती घटली ते वैद्यकीय मंडळ ठरवते. वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रांच्या विभागात) बोटे जाण्याचे अपघात ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना कायद्याच्या परिशिष्टातील आकडे परिचित असतात : अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटे ५०. घाटी (छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी निराळी असते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मंडळाचा निर्णय अमान्य असल्यास अपील करता येते.

इजा ‘कामातून व कामाच्या ओघात’ झाली का, या मुद्द्यावर सर्वाधिक वाद होतात. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मृत्यू पावला. भरपाई आयुक्तांनी वारसांच्या बाजूने दिलेला निकाल उच्च न्यायालयाने रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी आयुक्तांचा निकाल पुन्हा कायम केला. घर ते काम या प्रवासातील अपघाताला संरक्षण देणारे कलम राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये आले. ते स्पष्टीकरणात्मक असल्याने १९२३ च्या भरपाई कायद्यालाही आणि मागील घटनांनाही लागू होते, असे न्यायालयाने मानले. वेळ, जागा व नोकरी यांचा संबंध मात्र दाखवावा लागतो. प्रकरण मृत्यूचे असले तरी तत्त्व जखमींनाही उपयोगी आहे. पाळीसाठी अंधारात निघणाऱ्या हजारो कामगारांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे सामावले असून वरील वर्णन व पुढे १९२३ च्या कायद्याचे येणारे वर्णन जुन्या कायद्यांखाली रुळलेल्या पद्धतीचे आहे.

बीड, धाराशिव, जालना भागांतून दरवर्षी निघणाऱ्या ऊसतोड जोड्या (कोयते) राज्य विम्याबाहेर असतात. उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून (मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्याकडून) घेतलेली असते, हजेरीपटावर नाव नसते. मग तोडणीचा कोयता पायावर बसला किंवा ट्रॅक्टर उलटला की मालक कोण, येथून वाद सुरू होतो. १९२३ च्या कायद्यात कंत्राटदारामार्फत आणलेल्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडे मागण्याची तरतूद होती. अपघात कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात घडला तरी दावा मजूर राहतो त्या ठिकाणच्या आयुक्तांकडे लावता येतो. मुदत दोन वर्षांची. फडावरून गावी परतलेल्या जखमी मजुराला ही तरतूद कोणी सांगत नाही, ती गावोगाव पोचायला हवी. पोलीस पंचनामा व पहिल्या दवाखान्याचे कागद मिळवणे येथे निर्णायक ठरते.

शेतकऱ्यांसाठी पूर्वीच्या विमा योजनेच्या जागी एप्रिल २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आली. दोन डोळे वा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. वीज पडणे, विजेचा धक्का, सर्पदंश हे अपघात तीत धरले जातात, आजारपण नाही. वय १० ते ७५ असावे लागते. प्रस्ताव सातबारासह ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो.