तुमच्या होणाऱ्या घराची किल्ली आमच्या हातात कशी येते
(डॅलस परिसरात घर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

इन्स्पेक्शन (घर विकत घ्यायच्या आधीची तपासणी) बुक करायला फोन आला की निम्मे लोक आधी हेच विचारतात, की तुम्ही आत कसे जाणार, मालक घरी असेल का, दार उघडायला आम्ही रजा टाकून यायचं का. प्रश्न साहजिक आहे. पुण्या-मुंबईत रिसेलचा फ्लॅट बघायचा तर चावी एजंटकडे नाहीतर शेजारच्या काकूंकडे असते, आणि काकू सोबत येऊन सगळे पंखे लावून दाखवतात. इथे त्या काकूंचं काम दाराला लटकवलेली एक डबी करते. आमची फर्म छोटी आहे, सगळे इन्स्पेक्टर टेक्सस रिअल इस्टेट कमिशनचे म्हणजे ट्रेकचे लायसन्सवाले, आणि ग्राहक बरेचसे फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग, कॉपेलकडचे आपलेच लोक, म्हणून म्हटलं हे एकदा मराठीतच लिहून देऊ.

डबी आणि तिची की

लॉकबॉक्स म्हणजे दाराच्या नॉबला, रेलिंगला, कधी गॅस मीटरच्या पाइपला अडकवलेली जाड डबी, आत घराची किल्ली. साधी डबी आकड्यांची असते, कोड जुळवला की उघडते, पण कोण आलं कोण गेलं याचा काही पत्ता लागत नाही आणि तो कोड एकदा व्हॉट्सॲपवर फिरला की फिरतच राहतो, त्यामुळे हा प्रकार आम्हाला मनापासून आवडत नाही. दुसरी इलेक्ट्रॉनिक. सुप्रा आणि सेंट्रीलॉक या दोन कंपन्यांच्या डब्या अमेरिकेत सगळीकडे दिसतात. सुप्राचं असं, की फोनवर ॲप उघडायचं, पिन टाकायचा, डबीचा तळ वर दाबायचा म्हणजे तिचं ब्लूटूथ जागं होतं, आणि मग टक् करून किल्लीचा कप्पा खाली हातात येतो (ऑगस्टमध्ये दुपारी हात लावून बघा, चटकाच बसतो). त्याच वेळी नोंद होते, कोणाच्या की ने (म्हणजे कोणाच्या ॲप आणि पिनने) उघडली, किती वाजता उघडली, आणि हे लिस्टिंग एजंटला, म्हणजे विकणाऱ्याच्या एजंटला, दिसतं. काही एजंट याच्यावर अजून एक कोड लावून ठेवतात, मग त्यांना आधी फोन करून तो घेतल्याशिवाय डबी ढिम्म हलत नाही.

ही की आम्हाला लोकल रिअल्टर असोसिएशनकडून, म्हणजे एजंटांच्या संघटनेकडून मिळते, अफिलिएट (स्वतः एजंट नसलेले, संलग्न) मेंबर म्हणून. इन्स्पेक्टरला की द्यायची की नाही, कुठल्या अटींवर, हे ती ती असोसिएशन ठरवते, म्हणून एका इन्स्पेक्टरकडे असते आणि दुसऱ्याकडे नसते, याचा अर्थ दुसरा कमी हुशार असा अजिबात नाही. की घेताना फर्मच्या जबाबदार माणसाला पण ॲग्रीमेंटवर सही करावी लागते, गुन्ह्याचं रेकॉर्ड असेल तर की नाकारता येते, आणि आपला पिन दुसऱ्याला देणं हा सरळ नियमभंग आहे. शिवाय ती डबी दाराला लागते तीच मुळात विकणाऱ्याच्या लेखी परवानगीने.

की आहे म्हणजे कधीही जाता येतं असं नाही

हा मुद्दा लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. आमच्या ॲपने डबी उघडेल, पण अपॉइंटमेंट नसेल तर आम्ही त्या ड्राइव्हवेवर गाडीसुद्धा लावत नाही. रस्ता असा आहे: तुम्ही आम्हाला तारीख सांगता, तुमचा एजंट वेळा ठरवायच्या ॲपवर किंवा फोन करून वेळ मागतो, लिस्टिंग एजंट विकणाऱ्याला विचारतो, तिकडून होकार आला की आमचं पक्कं. वेळ मागताना इन्स्पेक्शन आहे आणि ३-४ तास लागतील हे स्पष्ट लिहायला सांगा तुमच्या एजंटला. नुसतं शोइंग (घर बघायला येणं) म्हणून अर्ध्या तासाचा स्लॉट घेतला तर आम्ही ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) असताना खाली मालक पोरांना शाळेतून घेऊन हजर होतात, आणि मग ती माणसं सोफ्यावर आणि आम्ही शिडीवर असा सगळा अवघडलेला प्रकार. काही लिस्टिंगवाले म्हणतात की आमच्याकडे इन्स्पेक्टर एकटा चालणार नाही, खरेदीदाराचा एजंट पूर्ण वेळ पाहिजे. तसं असेल तर तसं, घर त्यांचं आहे.

हो, पण विकणारा उगाच अडवून धरू शकत नाही. ट्रेकच्या रिसेल कॉन्ट्रॅक्टमध्ये सातव्या कलमात लिहिलंय की खरेदीदाराला आणि त्याच्या माणसांना वाजवी वेळी घरात येऊ द्यायचं, आणि लाइट, पाणी, गॅस जे काही असेल ते विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने चालू करून द्यायचं आणि कॉन्ट्रॅक्ट असेपर्यंत चालू ठेवायचं. रिकाम्या घरात हे आठवणीने विचारा. बंद केलेलं पाणी किंवा गॅस आम्ही आमच्या हाताने चालू करत नाही, ट्रेकचे नियमही आमच्याकडून ती अपेक्षा ठेवत नाहीत, कारण वॉल्व्ह कोणी कशासाठी बंद केला होता हे आम्हाला माहीत नसतं आणि वरच्या मजल्यावरचा एखादा उघडा पाइप खालचं सीलिंग घेऊन येतो. मग तेवढा भाग तपासला नाही असं रिपोर्टमध्ये जातं आणि परत यायचं तर परतीच्या फेरीचे पैसे लागतात. ड्रेनेज लाइनची हायड्रोस्टॅटिक टेस्ट (पाइप पाण्याने भरून गळती बघणं) करायची असेल तर तिला विकणाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते, ती इन्स्पेक्शनच्या परवानगीत धरलेली नसते.

ऑप्शन पिरियडचं घड्याळ

डबी, कोड, अपॉइंटमेंट या सगळ्याची घाई कशाला, तर याच्यासाठी. ऑप्शन पिरियड म्हणजे कारण न देता कॉन्ट्रॅक्टमधून मागे फिरायची मुदत, ती किती दिवसांची हे तुम्ही आणि विकणारा ठरवता. कॉन्ट्रॅक्टची इफेक्टिव्ह डेट (लागू होण्याची तारीख) धरायची नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता संपतं, रात्री १२ ला नाही. सोमवारी कॉन्ट्रॅक्ट झालं आणि ७ दिवस असतील तर पुढच्या सोमवारी ५ ला खेळ खलास, शेवटचा दिवस रविवारी आला तरी मुदत पुढे सरकत नाही. या मुदतीसाठी द्यायची ऑप्शन फी ३ दिवसांत पोचवायची असते, नाहीतर कारण न देता मागे फिरायचा हक्कच जातो. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टवर सह्या झाल्या झाल्या आम्हाला फोन करा, पहिल्या दोन-तीन दिवसांत आत गेलो तर फाउंडेशनसाठी इंजिनिअर बोलवा किंवा रूफरला वर चढवा म्हणायला वेळ उरतो. इथली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, स्लॅब हलतो, त्यामुळे इंजिनिअरची वेळ बऱ्याचदा येते.

टर्माइटवाला, पूलवाला असे बाकी लोक त्याच स्लॉटमध्ये बोलावलेले बरे, पण त्यांची नावं तुमच्या एजंटने आधी कळवलेली पाहिजेत. आमच्या की ने दार उघडून दुसऱ्या कोणाला आत सोडून आम्ही निघून गेलो असं होणार नाही.

हे मात्र मागू नका

आईबाबा मे महिन्यात आलेत, तुम्ही आत आहातच तर त्यांनाही घर दाखवता का. वास्तुवाले गुरुजी होकायंत्र घेऊन दहा मिनिटं येतील. पडद्यांचं माप घ्यायचंय. भावना सगळ्या समजतात, आमचेही आईबाबा येतात, पण आमची की इन्स्पेक्शनसाठी आहे, घर दाखवायला नाही, आणि क्लोजिंगपर्यंत, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर तुमच्या नावावर होईपर्यंत, ते दुसऱ्याचं आहे. दाखवायचं काम तुमच्या एजंटचं, त्याला वेगळी अपॉइंटमेंट घ्यायला सांगा (आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टर एजंटला घर दाखवायच्या आधी तुमच्याशी लेखी करार करावा लागतो, ते आधी उरकून घ्या). तुम्ही स्वतः जरूर या, एजंटला सांगून, आणि शक्यतो शेवटच्या तासाला, तेव्हा सगळं सापडलेलं असतं आणि आम्ही तुम्हाला मेन वॉटर शटऑफपासून ब्रेकर पॅनेलपर्यंत हिंडवून दाखवतो. डबीचा कोड मात्र तुमच्या एजंटने दिला असला तरी आम्ही पुढे पाठवणार नाही.

आत गेल्यावर

उन्हाळ्यात आम्ही सकाळी ८ ला सुरू करतो आणि पहिलं ॲटिक, कारण दुपारी तिथे माणूस शिजतो. शिरल्या शिरल्या प्रत्येक खोलीचे फोटो, म्हणजे नंतर ही फुलदाणी फुटली कशी असं कोणी म्हणालं तर उत्तर असतं. थर्मोस्टॅट किती वर होता, कुठले दिवे चालू होते ते टिपून घेतो आणि जाताना तसंच करतो. ओव्हन ३५० डिग्री फॅरनहाइटवर ठेवून तपासायचा असतो, २५ डिग्रीपेक्षा जास्त फरक पडला तर तो दोष म्हणून लिहावा लागतो. पण लावायच्या आधी दार उघडून बघतोच, कारण विकणारे देसी असले की आत हमखास तीन कढया, एक कुकर आणि प्लॅस्टिकचे डबे. कुत्रं असेल तर त्याची सोय विकणाऱ्याने करायची, आणि मागचं गेट लावलं का हे आम्ही दोनदा बघतो. निघताना किल्ली डबीत, डबी ओढून बघायची, मग फोटो.

कॅमेऱ्यांचं एक सांगायचं राहिलं. डोअरबेलला कॅमेरा असतो, किचनमध्ये स्पीकर असतो, आणि मराठीत बोललं की कोणाला कळत नाही हा फ्रिस्कोमध्ये फारच मोठा गैरसमज आहे. किती कमी करून मागायचे, घर किती आवडलंय, हे सगळं गाडीत बसल्यावर बोला.

बिल्डरकडून नवीन घर घेत असाल तर बहुतेक ठिकाणी डबीचा प्रश्न येत नाही, साइट सुपरिंटेंडेंटशी वेळ ठरवायची असते आणि बरेच बिल्डर आमच्या इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आधी मागतात. ट्रेकच्या नियमाप्रमाणे इन्स्पेक्टरकडे किमान १ लाख डॉलरचं कव्हर लागतंच, त्यामुळे ते आमच्याकडे तयार असतं, फक्त ड्रायवॉल (भिंतींवरचे जिप्सम बोर्ड) चढून आतलं झाकलं जायच्या आधी निदान आठवडाभर कळवा.

बुक करताना घराचा पत्ता, कॉन्ट्रॅक्टची इफेक्टिव्ह डेट, ऑप्शन किती दिवसांचा, तुमच्या एजंटचा नंबर, घर रिकामं आहे की लोक राहतायत, आणि पूल किंवा स्प्रिंकलर आहे का, एवढं एकाच मेसेजमध्ये पाठवा. इन्स्पेक्शन ॲग्रीमेंट ईमेलवर येईल, त्यावर आदल्या दिवशीच सही करून टाका, सही नसेल तर आम्ही डबी उघडत नाही.